नवी तुकडी ज्यांच्या हाती देणार आहेत, त्या सीनियर कॅडेट्सना

मुलांनो आणि मुलींनो,

स.न.वि.वि.

जुलैत नवी तुकडी दाखल होईल. कुणी खडकवासल्याला एनडीएत, कुणी एझिमलाला नौदलाच्या अकादमीत, कुणी मर्चंट नेव्हीच्या एखाद्या प्री-सी संस्थेत, म्हणजे जहाजावर जाण्याआधीच्या प्रशिक्षणाला. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं नाव, गेटाबाहेर डोळे पुसणारी आई आणि न्हाव्याच्या खुर्चीपुढे लागलेली रांग. त्या रांगेला सरळ उभी करायला अकादमी तुमच्यातल्या काहींना नेमील. कॅडेट कॅप्टन, सार्जंट मेजर, कॉर्पोरल, ज्याचं जे पद असेल ते. खांद्यावर फीत चढली की माणूस असली पत्रं वाचत नाही, म्हणून आधीच लिहितो.

मी नौदलात जी.आय. होतो, म्हणजे गनरी इन्स्ट्रक्टर. नाव तोफांचं असलं तरी नौदलात परेड जी.आय.च्याच गळ्यात असते, त्यामुळे नोकरीतली बरीच वर्षं तोफांपेक्षा बुटांचाच आवाज ऐकला. नेव्हल अकादमी १९८६ ते २००९ आमच्या गोव्यात होती, मांडवीच्या मुखाशी, वेऱ्याला, आय.एन.एस. मांडवीत. (पणजीत जन्म काढलेल्या लोकांनाही हे सांगितलं की नवल वाटतं. तिथे आता नेव्हल वॉर कॉलेज आहे.) त्या ग्राउंडवर मीही ‘दाहिने मुड’ ओरडत उभा राहिलेलो आहे. आता फोंड्याला असतो. एस.एस.बी.ची, म्हणजे फौजेतल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीची तयारी करणारी आसपासची मुलं-मुली संध्याकाळी येतात, त्यांना पळायला लावतो, चार गोष्टी सांगतो. गोव्यातून फौजेत जाणारे मुळात थोडे. जे जातात त्यांची काळजी गावाला जरा जास्तच असते.

यंदा सुट्टीत त्यांतलाच एक मुलगा भेटायला आला. कुठल्या अकादमीतून ते सांगत नाही, त्याला अजून तिथे राहायचं आहे. गुडघ्यांवर खपल्या, कोपरं सोललेली. आईला त्याने सांगितलं होतं, पडलो. मला म्हणाला, “रगडा लागला, सर.” रगडा म्हणजे सीनियरांनी अंगमेहनतीची दिलेली शिक्षा. कशाबद्दल? रात्री दिवे गेल्यावर कुणाच्या तरी केबिनमधून हसल्याचा आवाज आला, म्हणून सगळ्या टर्मला, म्हणजे त्याच्या अख्ख्या तुकडीला, बाहेर काढलं. खपल्यांचं मला काही वाटलं नाही, फौजेत जाणाऱ्याच्या अंगावर त्या असायच्याच. पण चहा पिता पिता तो सहज म्हणाला, “पुढच्या वर्षी माझ्याकडे येतील ना सर, मग बघा.” सांगताना तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता, चेहऱ्यावर समाधान होतं. ज्याने त्याला रगडलं तो तोवर पास आउट होऊन निघून गेलेला असेल. वसुली होणार ती आज कुठेतरी बारावीच्या पुस्तकात डोकं खुपसून बसलेल्या एका पोराकडून, ज्याचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही. हे पत्र त्या वाक्यामुळे लिहितोय.

परेड ग्राउंडवर नव्या कॅडेटवर ओरडणारी माणसं दोन जातीची. एक आम्ही, उस्ताद मंडळी, म्हणजे नेमलेले प्रशिक्षक. दुसरे तुम्ही. बाहेरच्याला दोघांचा आवाज सारखाच वाटतो. आतून फार फरक आहे.

ज्याच्या टाचा जुळत नाहीत म्हणून मी आज एखाद्या पोराला ग्राउंडला फेरी मारायला लावतो, तोच उद्या सब-लेफ्टनंट होऊन जहाजावर येणार आणि मी त्याला सॅल्यूट करणार. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, त्यालाही असतं. मी कितीही गरजलो तरी प्रत्येक शब्द त्या येणाऱ्या सॅल्यूटखालून वाकून जातो. त्यामुळे उस्ताद मऊ होतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एखाद्या जी.आय.च्या तावडीत सकाळची परेड करून पाहावी. मऊ होत नाही, नेमका होतो. टाच चुकली तर टाचेवर ओरडतो. पोराच्या गावावर, रंगावर, बोलण्याच्या लकबीवर, आईबापावर नाही. तोंडून काही वावगं गेलंच तर ते त्याच्याबरोबर वॉर्डरूमपर्यंत, म्हणजे जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या मेसपर्यंत जाईल आणि कधीतरी आपल्यासमोर येऊन उभं राहील, ही जाणीव असते.

तुमच्या ओरडण्यावर असलं काही बंधन नाही. तुम्ही वीस-एकवीस वर्षांचे, समोरचा सतरा-अठराचा, आणि तो तुमचा जूनियर राहणार तो जन्मभर. फौजेत हे नातं पेन्शनीनंतरही सुटत नाही. साठीचा माणूस पासष्टीच्या माणसाला ‘सर’ म्हणताना मी रोज पाहतो. तो तुम्हाला कधी जाब विचारणार नाही. विचारलाच तर अख्खी टर्म त्याच्यावर उलटेल. इतक्या कोवळ्या वयात दुसऱ्या माणसावर इतकी मोकळी सत्ता बाहेरच्या जगात कुणाला मिळत नाही. पोलीस शिपायालाही नाही, मामलेदारालाही नाही.

मग अकादमी ती तुम्हाला का देते? उस्ताद कमी पडतात म्हणून? आम्हाला विचाराल तर तुमच्यापेक्षा निम्म्या वेळात आम्ही ती तुकडी चालती करू. नव्या पोरांना ड्रिल यावं हा तुम्हाला नेमण्यामागचा दुय्यम हेतू आहे. खरं म्हणजे तिथे तुम्हाला पाहायचं असतं. थोड्याच वर्षांत तुमच्या हाताखाली जवान येतील, नाविक येतील, त्यांच्यात तुमच्या बापाच्या वयाचे लोक असतील. त्यांच्याशी तुम्ही कसे वागाल ते त्या जुलैत कळतं. नवी तुकडी हा तुमचा पेपर आहे, आणि तुमच्यातल्या पुष्कळांना वाटतं की आपण परीक्षक आहोत.

आता थोडं ड्रिलविषयी, कारण ते तुमच्या हातून बहुधा वाईट शिकवलं जातं.

ड्रिलचा धडा ठरलेला आहे. आधी तोंडी सांगायचं, मग स्वतः नमुना दाखवायचा, मग ‘गिनती से’ तुकडे तुकडे करून घ्यायचं, मग सराव. ‘गिनती से सॅल्यूट, एक!’ म्हटलं की हात वर, आणि तिथेच थांबून प्रत्येकाचं कोपर, पंजा, नजर बघत फिरायचं. कंटाळवाणं काम आहे. सीनियर कॅडेट हमखास दोन गोष्टी गाळतो: नमुना आणि थांबून बघणं. नमुना गाळतो कारण स्वतःचं ‘पीछे मुड’ आता तितकंसं धड राहिलेलं नसतं. बघणं गाळतो कारण त्याला वेळ लागतो आणि ओरडायला लागत नाही. मग दहा मिनिटांत तुकडी चुकते आणि फ्रंट रोल, म्हणजे शिक्षेच्या कोलांट्या, सुरू होतात. फ्रंट रोल मारून कुणाची टाच जुळली असेल तर मला त्याचं नाव कळवा, मी त्याच्या पाया पडायला येईन.

आणि एक लक्षात घ्या. हुकमाचे दोन भाग असतात. पहिला लांबवायचा, त्यात तुकडी सावध होते. दुसरा तोडून टाकायचा, त्यावर पाय पडतो. तो दुसरा शब्द चुकीच्या पायावर आला तर तीसच्या तीस पोरं अडखळतात. बघणाऱ्याला वाटतं तुकडी वाईट. चूक हुकूम देणाऱ्याची असते. मिनिटाला १२० पावलं, पाऊल ३० इंचांचं. ही चाल तुमच्या आवाजात आधी असली पाहिजे, मग त्यांच्या पायात उतरते. माझ्या हिशेबाने नव्या तुकडीच्या पहिल्या आठवड्यातल्या निम्म्या चुका हुकूम देणाऱ्याच्या असतात. त्यांची शिक्षा कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा.

शिक्षेला माझा विरोध नाही. अकादमीच्या नियमांत शिक्षा आहेत आणि त्या असाव्यात. रिस्ट्रिक्शन, म्हणजे बाहेर जायची बंदी आहे, एक्स्ट्रा ड्रिल आहे. खडकवासल्याच्या कॅडेटला सिंहगडावर धाडतात. मराठी माणूस ज्या गडावर रविवारी हौसेने पिठलं-भाकरी खायला जातो, त्याच गडावर एनडीएचं पोर शिक्षा म्हणून चढतं, हा विनोद मला आजही आवडतो. पण त्या शिक्षेचा कागद होतो. कुणी दिली, कशासाठी, किती, हे लिहिलं जातं आणि खाली एका अधिकाऱ्याची सही असते. रात्री दिवे गेल्यावर कॉरिडॉरमध्ये जे चालतं त्याला सही नसते. ज्याला तुम्ही सही द्यायला तयार नाही ते करू नका. मला तरी याहून सोपी कसोटी सापडलेली नाही.

यापुढचं जरा लक्ष देऊन वाचा. इथे जीव जातात.

जुलै-ऑगस्टात कोकण किनाऱ्यावर आणि खाली मलबारात हवेत इतकं पाणी असतं की घाम सुकत नाही. सुकला नाही तर अंग थंड होत नाही. थंड प्रदेशातून आलेल्या किंवा वर्षभर क्लासच्या पंख्याखाली बसलेल्या पोराच्या शरीराला या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तुमचा सगळा जोर नेमका त्या पहिल्या दहा दिवसांत असतो. अंगातली उष्णता ४० अंशांपलीकडे गेली की पहिला बिघाड मेंदूत होतो. पोरगा असंबद्ध बोलू लागतो, हुकूम ऐकत नाही, उलट उत्तर देतो, झिंगल्यासारखा चालतो. तुम्हाला ती मस्ती वाटते आणि तुम्ही आणखी दोन फेऱ्या देता. जो काल ‘येस सर’ म्हणत होता तो आज भर परेडमध्ये उर्मटपणे बोलला, तर आधी त्याच्या अंगाला हात लावून बघा. तापलेलं असेल तर सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल तितकं गार पाणी ओता, बर्फ असेल तर बर्फात ठेवा, वारा घाला, आणि त्याच वेळी दुसऱ्याला डॉक्टरकडे पळवा. आधी गार करणं, मग हलवणं. गाडीची वाट बघत घालवलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

दुसरं, उठाबशा. सवय नसलेल्या पोराकडून शेकड्यांनी उठाबशा, डंड, फ्रंट रोल काढून घेतले की स्नायू तुटतात, अक्षरशः. त्यातून मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबतात. हे त्याच रात्री दिसत नाही. एक-दोन दिवसांनी मांड्या सुजतात, जिना उतरवत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी होते. पोरगा लाजेने सांगत नाही, आणि सांगायचं म्हटलं तरी तुमच्या परवानगीशिवाय एम.आय. रूमला, म्हणजे अकादमीच्या दवाखान्यात जायचं कसं, हा प्रश्न त्याच्यापुढे असतो. पहिल्याच दिवशी तुकडीला हे सांगून टाका: लघवीचा रंग बदलला तर मला विचारायचं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं.

कुणी म्हणेल, सर घाबरवताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून एक प्रकरण हाती घेतलं. अकादम्यांतल्या प्रशिक्षणात जखमी होऊन, अपंगत्व येऊन घरी पाठवलेल्या कॅडेट्सचं. १९८५ पासून अशी सुमारे ५०० मुलं आहेत, असं बातम्यांत आलं. कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळण्याआधीच बाहेर पडल्यामुळे ती माजी सैनिकांत धरली जात नव्हती, ना त्यांच्या पेन्शनीत ना त्यांच्या इस्पितळात. प्रकरण न्यायालयात गेल्यावर त्याच महिन्याअखेर सरकारने त्यांना माजी सैनिकांची आरोग्य योजना लागू केली. ही सगळी रगड्याची शिकार होती असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. घोड्यावरून पडणं, बॉक्सिंग, सरावात पाठीला इजा, हे होतंच. पण कागदावर कॅडेट काय असतो ते त्यातून कळतं. तो अजून कुणीच नसतो. ना सैनिक, ना माजी सैनिक. अशा माणसाचा गुडघा तुमच्या हाती दिलेला असतो.

आता ‘परंपरा’. हा शब्द तुमच्याकडून मी फार ऐकला आहे. आम्ही सोसलं, आमच्या आधीच्यांनी सोसलं, म्हणून पास आउट होताना छाती भरून येते. जुन्या परंपरेचंच बोलायचं तर अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटचं बघा, ती अकादमी १८०२ पासूनची. तिथे १८७९ च्या ऑगस्टात तेव्हाचे प्रमुख जनरल स्कोफील्ड यांनी कॅडेट्सपुढे भाषण केलं. आशय असा, की स्वतंत्र देशाच्या सैनिकाला लढाईत भरवशाचा बनवणारी शिस्त जुलमाने येत नाही, जुलमाने सैन्य बनण्याऐवजी बिघडतं. त्यातला उतारा तिथल्या नव्या कॅडेटला आजही तोंडपाठ करावा लागतो. आणि गंमत बघा, पिढ्यान्पिढ्या तो म्हणून दाखवायचा कुणापुढे, तर नाकाला नाक लावून ओरडणाऱ्या सीनियरपुढे. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पाठांतराने शहाणपण येत असतं तर वेस्ट पॉइंटला पुढचा त्रास झाला नसता.

झाला. १९०१ साली तिथल्या छळाची अमेरिकी संसदेने चौकशी केली. साक्षीला बोलावलेल्यांत डग्लस मॅकआर्थर नावाचा एक कॅडेट होता. १८९९ मध्ये दाखल झाल्यावर त्याला सीनियरांनी इतकं पिळलं होतं की अंगाला झटके आले. पुढे हाच माणूस १९१९ मध्ये त्या अकादमीचा प्रमुख झाला, आणि त्याने पहिल्या कामांतलं एक काय केलं? नव्या कॅडेट्सचं सुरुवातीचं प्रशिक्षण सीनियरांच्या हातून काढून अधिकाऱ्यांकडे दिलं. ज्याने सोसलं त्यानेच मोडू पाहिलं. माजी कॅडेट्स त्याच्यावर भडकले, तो १९२२ मध्ये गेल्यावर बरंचसं पूर्ववत झालं, ते सोडा. सोसलेल्या माणसापुढे वसुलीखेरीज दुसरीही वाट असते आणि ती घेणारा पुढे पंचतारांकित जनरल होऊ शकतो, एवढं त्या पोराला सांगण्यासाठी मी ही गोष्ट जपून ठेवली आहे.

अमेरिकेत आजही हे काम विद्यार्थ्यांकडेच आहे, आणि ते असावं असंच माझं मत आहे. ॲनापोलिसच्या नेव्हल अकादमीत उन्हाळ्यात नव्यांना सीनियर मिडशिपमन घडवतात. अर्ध्यावर सीनियरांची पहिली टोळी बदलून दुसरी येते. न्यूयॉर्कजवळच्या किंग्ज पॉइंटला मर्चंट मरीन अकादमी आहे. तिथे तर सीनियर विद्यार्थ्यांना सरळ ‘ड्रिल इन्स्ट्रक्टर’ म्हणतात आणि आलेल्या पोरांना ‘कँडिडेट’. सुरुवातीचे काही आठवडे पार पडल्यावरच त्यांना अकादमीत घेतल्याची शपथ होते. दुसऱ्या महायुद्धात त्या अकादमीचे १४२ कॅडेट विद्यार्थी असतानाच समुद्रात मारले गेले. पाणबुड्यांनी भरलेल्या अटलांटिकमधून माल नेणाऱ्या जहाजांवर होते ते. तेव्हा विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला कडक शिकवणं हा पोरखेळ आहे, असं मी म्हणणार नाही.

ॲनापोलिसची एक रीत मला फार आवडते. नव्या पोराला प्रश्नाला ठरलेली पाचच उत्तरं द्यायची मुभा असते, त्यांतलं एक ‘नो एक्स्क्यूज, सर.’ सबब नाही. तुम्ही ते जूनियरकडून घेता. त्याच्याकडून काही बिनसलं आणि अधिकाऱ्याने तुम्हाला बोलावलं, तर तुमच्या तोंडूनही हेच यायला हवं. ‘सर, ही टर्मच वाईट आहे’ हे उत्तर त्या पाचांत नाही.

‘जे करायला सांगाल ते स्वतः त्यांच्याबरोबर करा’ असं मी माझ्या पोरांना सांगायचो. चांगला नियम आहे, निम्मा उन्माद त्यानेच उतरतो, कारण पन्नासाव्या डंडाला तुमचेही हात थरथरतात. पण तो पुरत नाही. ८ एप्रिल १९५६ च्या रात्री पॅरिस आयलंडला, अमेरिकी मरीन्सच्या तळावर, एका ड्रिल इन्स्ट्रक्टरने ढिल्या पडलेल्या पलटणीला वळण लावायला रिबन क्रीक नावाच्या खाडीत उतरवलं. सहा रिक्रूट बुडाले. तो इन्स्ट्रक्टर काठावर शिटी घेऊन उभा नव्हता, स्वतः सगळ्यांच्या पुढे पाण्यात होता. पोरांचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं, हेही मला पटतं. ती पलटण त्या रात्री तिथे जातेय हे ज्याला ठाऊक असावं आणि जो ‘नको’ म्हणू शकला असता असा माणूस नव्हता. त्यानंतर मरीन्सनी इन्स्ट्रक्टरची निवड कडक केली, वर अधिकाऱ्यांची देखरेख वाढवली. तुम्ही नोकरीत मुरलेले सार्जंट नाही, वीस वर्षांचे कॅडेट आहात. पलटण कुठेही नेताना, काहीही घेताना, ड्यूटीवरच्या एका मोठ्या माणसाला ते ठाऊक असू द्या. ज्या दिवशी ‘साहेबांना कळायला नको’ असं मनात येईल, त्या दिवशी तिथेच ‘थम’, थांबा.

‘लढाई क्रूर असते सर, मऊ वागून कसं चालेल?’ हाही प्रश्न येतो. आमच्या मांडवीतून १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ घेऊन निघाल्या. शिडाची ५५ फुटी होडी, आमच्या दिवाडीवर बांधलेली. पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ ला परत मांडवीतच आल्या, २५४ दिवसांनी. केप हॉर्नच्या दक्षिणेला डोंगराएवढ्या लाटांत रात्री दोनच्या पहाऱ्याला गार पाण्यात उठायचं होतं, आणि उठवायला दारावर लाथ मारणारा सीनियर तिथे नव्हता. मला ती शिस्त हवी आहे. ती मऊ आहे असं ज्याला वाटतं त्याने दोनापावलाला जाऊन जुलैतला समुद्र बघून यावा.

मुलींचा विषय निघालाच आहे तर. एनडीएत पहिल्या मुली २०२२ मध्ये आल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी पास आउट झाल्या. आता स्क्वॉड्रनमध्ये त्या जूनियर आहेत आणि सीनियरही. त्यांच्या बाबतीत दोन प्रकारचे सीनियर भेटतात. एक त्यांना सवलत देतो, दुसरा ‘इथे मुलगी-बिलगी काही नाही’ म्हणत दुप्पट घेतो. दोघेही टाचेकडे न बघता टाच कुणाची ते बघत असतात.

अकादम्यांच्या कमांडंट साहेबांनी हे पत्र इथवर वाचलं असेल तर त्यांना नम्रपणे थोडंसंच. नवी तुकडी यायच्या आधी नेमलेल्या सीनियरांना आठवडाभर जी.आय.च्या आणि मेडिकल ऑफिसरच्या ताब्यात द्या. ड्रिल येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. टोळी अर्ध्यावर बदला, एकाच माणसाच्या हातात पहिले सगळे आठवडे राहू देऊ नका. दिवे गेल्यावर कॉरिडॉरमध्ये एक उस्ताद फिरता ठेवा, म्हातारा असला तरी चालेल, नुसत्या खाकरण्याने काम होतं. आणि सीनियरचा रिपोर्ट लिहिताना एक प्रश्न जूनियरांना विचारा, नाव न लिहिता: याच्या हाताखाली जहाजावर जायला आवडेल का?

आपला,
एक निवृत्त जी.आय., फोंडा

ता.क. दर तुकडीत एक तरी पोरगा असा निघतो की ‘तेज चल’ म्हटलं की उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जातो. सगळे हसतात, तुम्हीही हसाल. त्याला रोल देऊ नका, त्याने तो जास्तच आखडतो. घाबरून हातांकडे लक्ष गेल्यामुळेच हे होतं. तुकडीतून बाजूला काढा आणि हात सैल सोडून आपल्या शेजारून साधं चालायला लावा, बाजारात चालतो तसं. बोलत राहा, गाव कुठलं, घरी कोण कोण. आमच्याकडचा असेल तर विचारा, शिगम्याला रोमटामेळात, म्हणजे मिरवणुकीत, नाचायचास की ढोल वाजवायचास. वीसेक पावलांत हात आपोआप सुटे होऊन उलटे पडू लागतात. मग बोलणं न थांबवता हळूच ‘एक-दो-एक’ सुरू करा आणि चालता चालताच त्याला तुकडीच्या शेवटच्या फाइलीत, म्हणजे रांगेत, सोडून द्या. पहिल्या फाइलीत निदान दोन दिवस ठेवू नका.